शिदोरी

संगणकाच्या परिभाषेतले काही शब्द मराठीत आणताना जी तारांबळ उडते तिचा उत्तम नमुना म्हणजे 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल'. शब्दकोश उघडून बसले की 'पर्यावरणीय चल' असे काहीतरी हाती लागते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वृक्षारोपणाचा समारंभ उभा राहतो. 'परिवेश' त्यापेक्षा बरा, पण तो शब्द घरात कोणी वापरत नाही. 'भोवताल' मला आवडतो. परंतु भोवताल म्हणजे आपल्या सभोवती आपोआप असणारी गोष्ट, आणि या चलांच्या बाबतीत नेमके तेच खरे नाही. ते कोणीतरी द्यावे लागतात. गेली काही वर्षे मी मनाशी 'शिदोरी' हा शब्द वापरतो. तो मला भामरागडला सुचला. का सुचला हे सांगण्यापूर्वी थोडे यंत्राविषयी बोलायला हवे. ज्यांना हे सारे ठाऊक आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद खुशाल ओलांडून जावेत.

संगणकावर चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने सुरू केलेला असतो. सुरू करणारा तो पालक आणि सुरू होणारे ते मूल, असे म्हणण्याचा रिवाज युनिक्सच्या जगात जुना आहे. मूल निघते तेव्हा पालक त्याच्या हाती एक छोटी यादी देतो. यादीतल्या एकेका ओळीवर एक नाव आणि त्यापुढे एक मूल्य. 'होम' या नावापुढे घराचा पत्ता, 'पाथ'पुढे हत्यारे कोणकोणत्या जागी शोधावीत ते, 'लँग'पुढे भाषा आणि लिपी, 'टीझेड'पुढे कोणत्या गावचे घड्याळ पाळायचे ते. १९७९ साली बेल प्रयोगशाळेतून निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही व्यवस्था आली आणि तिच्या मूळ स्वरूपात आजवर फारसा बदल झालेला नाही. तिचे नियम दोन. मुलाला मिळते ती यादीची नक्कल. त्याने ती खोडली, वाढवली, तरी पालकाच्या यादीला धक्का लागत नाही. दुसरा नियम असा की ही देवघेव एकदाच, निघतेवेळी होते. मूल वाटेला लागल्यानंतर पालकाने आपल्या यादीत कितीही मोलाची भर घातली तरी ती मुलापर्यंत पोहोचत नाही. बांधून दिले तेवढ्यावर त्याने भागवायचे.

आपण टर्मिनलपुढे बसून एखादी स्क्रिप्ट चालवतो तेव्हा ही शिदोरी भरगच्च असते. आपण नाव आणि पासवर्ड देऊन आत आलेलो असतो. आल्याबरोबर आपल्या घरच्या काही फायली वाचल्या जातात, आणि वर्षानुवर्षे आपण त्यांत घालून ठेवलेल्या सोयी व सवयी यादीत येऊन बसतात. हे इतके मुकाट्याने घडते की त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही. वेब सर्व्हरची तऱ्हा निराळी. यंत्र चालू होत असताना, आत कोणीही आलेले नसताना, तो उठतो. त्याच्या नावाने घर असले तरी त्यात कोणी राहिलेले नसते. ना सवयी, ना सोयी. मग कोणी दूरच्या गावाहून पान मागितले की तो आमची स्क्रिप्ट बोलावतो, आणि ती स्क्रिप्ट आमची शिदोरी मागे ठेवून त्याची शिदोरी घेऊन कामाला लागते.

या व्यवस्थेला एक इतिहासही आहे. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात वेब सर्व्हरकडून दुसरे प्रोग्रॅम चालवून घेण्याची एक रीत ठरली. तिचे नाव सीजीआय. तिचे लेखी स्वरूप आरएफसी ३८७५ या क्रमांकाने ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या रीतीत आलेल्या पाहुण्याचा सारा तपशील, म्हणजे तो कोठून आला, त्याने काय मागितले, त्याला कोणती भाषा चालते, हे सर्व याच यादीत ओळी ओळी करून घातले जाते. म्हणजे वेबवर चाललेल्या स्क्रिप्टच्या शिदोरीत घरचे थोडे आणि परक्याने दिलेले पुष्कळ, अशी परिस्थिती असते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

आता भामरागड.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याच्या पूर्व कडेला, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला मिळतात त्या संगमावर, भामरागड आहे. पलीकडे छत्तीसगड. आलापल्लीहून निघालेला रस्ता सागवानाच्या जंगलातून हेमलकशाला येतो, तिथून पर्लकोटेचा पूल ओलांडला की गाव. मी तिथे ज्या वर्षांत जाऊन-येऊन होतो तेव्हा तो पूल ठेंगणा होता. पावसाळ्यात नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा आणि त्यामागच्या गावांचा उरलेल्या महाराष्ट्राशी संबंध तुटे. कधी एक दिवस, कधी अनेक दिवस. आतल्या गावांना तर नाले आडवे येत, आणि काही गावे पावसाळाभर आपली आपणच असत. म्हणून या भागात एक शहाणी रीत आहे. धान्य, औषधे, मीठ, जे काही लागणार ते पाऊस लागण्याच्या आधी आत पोहोचवून ठेवायचे. एकदा पाणी चढले की मागाहून काही पाठवता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात जे आत गेले त्यावर पुढचे महिने निघतात.

यंत्राचा दुसरा नियम मला पुस्तकातून ठाऊक होता. त्याचा अर्थ या रीतीमुळे कळला.

२०१५ च्या जूनमध्ये मी तेथे एका छोट्या संस्थेच्या कामात होतो. तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. काम सरळ होते. प्रत्येक गावासाठी औषधांची एक पेटी भरायची. हिवतापाच्या चाचणीचे साहित्य, गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटे, जखमेवर बांधायच्या पट्ट्या. कोणत्या गावाला किती, हे घरे आणि मागील वर्षीचे आजारी यांवरून ठरलेले होते. ते सगळे एका तक्त्यात भरलेले, आणि पुण्यातल्या एका मित्राने त्यावर एक स्क्रिप्ट लिहिलेली. ब्राउझरमध्ये एक बटण दाबले की प्रत्येक पेटीवर चिकटवायची चिठ्ठी तयार व्हावी. वर गावाचे नाव, खाली आकडे. यंत्र भाड्याचे, कुठल्या तरी मोठ्या शहरात. मित्राने ती स्क्रिप्ट टर्मिनलवरून चालवून चिठ्ठ्यांचे नमुने आम्हांला आधी पाठवलेही होते. लाहेरी, धोडराज, आरेवाडा, कोठी, बिनागुंडा, नेलगुंडा, सगळी नावे ठसठशीत देवनागरीत.

पेट्या निघायच्या आदल्या दिवशी फोनला संपर्क मिळाला तेवढ्यात आम्ही बटण दाबले. चिठ्ठ्या आल्या. आकडे होते. गावांच्या जागी पांढरा कागद होता. चूक झाल्याची कोणतीही सूचना नाही, प्रश्नचिन्हे नाहीत, चौकोन नाहीत. नावाची जागा स्वच्छ रिकामी. पेट्या भरायला मदत करणाऱ्या आरोग्यसेविका ताई माडिया होत्या. त्यांनी एक चिठ्ठी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, "भाऊ, गावं कुठं गेली जी? आकडे तर हायेत."

पुण्याला फोन लागला तेव्हा मित्राने तिकडून पुन्हा टर्मिनलवर चालवून पाहिले. "इथे तर व्यवस्थित येतंय रे," तो म्हणाला. तो खरे बोलत होता. संगणकाच्या धंद्यात हे वाक्य रोज उच्चारले जाते आणि जवळजवळ नेहमीच ते खरे असते. त्यातून तिथले काहीच सिद्ध होत नाही, इतकेच.

पेट्यांचे म्हणाल तर त्या दुसऱ्या दिवशी वेळेवर गेल्या. ताईंनी जमिनीवर चिठ्ठ्या पसरल्या आणि आकडे पाहून नावे सांगायला सुरुवात केली. घरे इतकी म्हणजे लाहेरी, हिवतापाचे रुग्ण इतके म्हणजे अमुक. दोन गावांचे आकडे सारखे निघाले तेव्हा त्या थोड्या थांबल्या, मग मागच्या वर्षी कुठे कोण आजारी होते ते आठवून त्यांनी तोही गुंता सोडवला. मी शाईने नावे लिहीत गेलो. त्या दिवशी त्या ताई नसत्या तर आमच्या हाती मोजमाप पूर्ण असलेल्या आणि कुठे जायचे ते ठाऊक नसलेल्या पेट्या उरल्या असत्या, आणि दोन दिवसांनी नदी चढली.

कारण सापडायला आणखी तीन दिवस लागले. ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार अजूनही अनेकांच्या वाट्याला येत असणार.

मित्राने टर्मिनलवर आपली शिदोरी छापून काढली. 'एन्व्ह' ही दोन-तीन अक्षरांची आज्ञा त्यासाठी पुरते. तेवढ्याच कामाची एक चिमुकली स्क्रिप्ट त्याने सर्व्हरकडूनही चालवून घेतली. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. पहिली भली लांब, दुसरी मोजक्या ओळींची. पहिलीत 'लँग'पुढे मराठी, भारत, यूटीएफ-८ असे होते. दुसरीत 'लँग'पुढे फक्त एक अक्षर होते, 'सी'. 'सी' हा एक लोकेल आहे. लोकेल म्हणजे भाषा, लिपी, तारखा, आकडे यांविषयीच्या संकेतांचा संच. 'सी' म्हणजे काहीच न सांगितल्यास जे धरून चालायचे ते, आणि त्यात इंग्रजी मुळाक्षरे, अंक व विरामचिन्हे यांपलीकडचे अक्षर हे अक्षरच नव्हे. डेबियन लिनक्सवर अपाची सर्व्हरला निघतेवेळी यादी देणारी 'एन्व्हव्हार्स' नावाची फाईल असते. तिच्यात ही ओळ आधीपासून लिहून येते. तिच्याच खाली, यंत्राचा नेहमीचा लोकेल हवा असल्यास पुढील ओळीवरची खूण काढा, असे सांगणारी टीपही असते. कोणी मुद्दाम केलेली खोडी नव्हे ती. कोणताच पाहुणा ठाऊक नसताना यजमानाने केलेली ती सर्वांत कोरडी व्यवस्था.

आता नावे नाहीशी का झाली? स्क्रिप्ट पीएचपीत होती, आणि चिठ्ठी तयार करायला ती दुसऱ्या एका प्रोग्रॅमला हाक मारत होती. हाक मारताना गावाचे नाव सोबत द्यावे लागे. परका मजकूर असा पुढे देताना तो अवतरणात नीट बांधून द्यावा, नाहीतर त्यात लपलेली आज्ञा पाळली जाईल, म्हणून पीएचपीत एक फंक्शन आहे. त्याचे नाव 'एस्केपशेलआर्ग'. ते वापरणे हीच सावध रीत. पण हे फंक्शन बांधता बांधता प्रत्येक अक्षर चालू लोकेलमध्ये वैध आहे की नाही तेही पाहते, आणि वैध नसलेले गाळून टाकते. 'सी'मध्ये देवनागरी वैध नाही. त्यामुळे 'लाहेरी'तले सगळे गळाले, '२८'सारखे आकडे स्क्रिप्टमध्ये इंग्रजी अंकांत होते म्हणून राहिले. टर्मिनलवर तेच फंक्शन मराठीची शिदोरी घेऊन आलेले, म्हणून तिथे नावे शाबूत.

उपाय करतानाही एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. अपाचीला 'सेटएन्व्ह' नावाची एक सूचना देता येते. अमुक नावापुढे अमुक मूल्य, आणि ते स्क्रिप्टच्या यादीत जाते. सीजीआयच्या रीतीने चालणाऱ्या स्क्रिप्टला ती व्यवस्थित पोहोचते, कारण तिथे प्रत्येक मागणीसाठी नवे मूल जन्मते आणि त्याची यादी त्याच वेळी बांधली जाते. मित्राने हीच सूचना लिहिली. पुन्हा चालवले, यादी छापली, 'लँग'पुढे मराठी दिसू लागली. नावे मात्र आलीच नाहीत. कारण आमच्या यंत्रावर पीएचपी हे अपाचीच्या पोटातच राहत होते. त्या काळचे पीएचपी आपला लोकेल एकदाच, सर्व्हर उठतानाच वाचून घेई. नंतर एखाद्या मागणीच्या निमित्ताने यादीत घातलेली ओळ विचारल्यास दिसे, पण तोवर ठरायचे ते ठरून गेलेले असे. नोंद झाली, पण अंमल झाला नाही. सरकारी कचेरीत ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

खरा उपाय एक पायरी आधी होता. ज्या फाईलमधून सर्व्हरला निघतेवेळी शिदोरी मिळते तिथे मराठीची ओळ लिहायची. त्याआधी यंत्रावर मराठीचा लोकेल तयार करून ठेवायचा, कारण नसलेल्या लोकेलचे नाव दिले तर बहुतेक प्रोग्रॅम तक्रार न करता पुन्हा 'सी'कडे वळतात. आणि मग सर्व्हर पूर्ण थांबवून नव्याने उठवायचा. नुसती 'ताजी सूचना वाच' एवढी आज्ञा पुरत नाही, कारण त्यात मूळ पालक जुनाच राहतो आणि त्याच्याकडे शिदोरीही जुनीच. जूनच्या आधी जे आत गेले ते गेले. सप्टेंबरमध्ये गोदामात काय आले याचा आतल्या गावाला उपयोग नाही.

'लँग'चे झाले ते 'टीझेड'चेही होऊ शकते. भाड्याच्या यंत्रांचे घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. भामरागडला पहाटे पाच वाजता नदीची पातळी कोणी नोंदवली, तर अशा यंत्राच्या हिशेबात ती आदल्या दिवशीच्या रात्रीचे साडेअकरा वाजले असताना नोंदवली गेली असे होते. पुराच्या दिवसांत तारीख एक दिवसाने मागे सरकणे ही किरकोळ बाब नाही. हे भामरागडला विशेष जाणवते, कारण तिथे मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उजाडते आणि दिवसाची कामे लवकर सुरू होतात. पहाटेची नोंद ही तिथली साधी नोंद असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग सर्व्हरने मालकाची सगळी शिदोरी सरसकट का देऊ नये? हा कंजूषपणा कशाला? या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते न देता सर्व्हरला दोष देणे अन्यायाचे होईल. मघाशी म्हटले की वेबवरच्या स्क्रिप्टच्या यादीत परक्याने दिलेले पुष्कळ असते. सप्टेंबर २०१४ मध्ये स्तेफान शाझलास यांनी शोधलेला 'शेलशॉक' नावाचा दोष उघड झाला. बॅश हे अनेक यंत्रांवरचे नेहमीचे शेल. यादीतल्या एखाद्या मूल्याची सुरुवात विशिष्ट पद्धतीने झाली असेल तर ते बॅश त्यापुढचा मजकूर आज्ञा म्हणून पाळत असे. पाहुण्याने आपल्या ब्राउझरचे नाव म्हणून तसा मजकूर पाठवला, सर्व्हरने तो इमानाने यादीत घातला, आणि ती यादी घेऊन बॅश सुरू झाले की झाले. पुढे जुलै २०१६ मध्ये 'एचटीटीपॉक्सी' हा प्रकार समोर आला. पाहुण्याच्या शीर्षकांना 'एचटीटीपी' असा उपसर्ग लावून यादीत घालायचे, म्हणजे ती घरच्या ओळींत मिसळणार नाहीत, ही सीजीआयची मूळ योजना. पण 'एचटीटीपी प्रॉक्सी' या नावाची एक ओळ घरच्याही वापरात होती. परक्याने 'प्रॉक्सी' नावाचे शीर्षक पाठवले की त्याचे शब्द घरच्या ओळीच्या जागी जाऊन बसत, आणि स्क्रिप्टची पुढची पत्रे त्याच्या हातून जाऊ लागत.

तेव्हा सावधपणा सकारण आहे. अपाचीचे 'सूएक्झेक' हे साधन ठरावीक नावांची यादी बाळगते आणि तीत नसलेले सगळे काढून टाकते. 'एन्जिनेक्स' हा सर्व्हर पालकाकडून आलेल्या ओळींपैकी न सांगता फक्त 'टीझेड' ठेवतो, बाकीच्या ओळी हव्या असल्यास नावाने मागाव्या लागतात. पीएचपीचा वेगळा चालणारा व्यवस्थापकही कामकऱ्यांची यादी आधी कोरी करतो. आणखी एक कारण आहे. अनेक जण पासवर्डसुद्धा याच यादीत ठेवतात, आणि यादी तर मुलांना, नातवंडांना नकलून जाते. जे ज्याला लागत नाही ते त्याला न देणे हीच रीत बरी. फक्त तिचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. सर्वांचे काढून घेतल्यावर ज्याला जे लागते ते नाव घेऊन द्यावे लागते. ते देण्याची जबाबदारी निघणाऱ्याची नव्हे, धाडणाऱ्याची.

हेमलकशाचे उदाहरण मला येथे आठवते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तेथे राहून रुग्ण पाहू लागले. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरचे. नागपूरला शिकलेली विद्या नागपूरला चालते, कारण तिथे वीज, प्रयोगशाळा, औषधाचे दुकान आणि रुग्णाशी बोलायची भाषा या गोष्टी न सांगता हजर असतात. हेमलकशाला यांपैकी काहीही नव्हते. त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया केल्या. जे यादीत नव्हते ते एकेक करून स्वतः यादीत घातले. विद्या तीच होती. ती ज्या गृहीतांवर उभी होती ती हेमलकशात पोहोचल्यावर दिसू लागली. भरलेल्या घरातून निघणाऱ्याला शिदोरीची यादी कधी करावीच लागत नाही, म्हणून त्याच्या लेखनात, आराखड्यांत, सरकारी योजनांत ती यादी सापडत नाही. तिथे व्यवस्थित चालले, एवढेच सापडते.

तांत्रिक बाजूने पाहता गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारली आहे. २०१८ मध्ये आलेली पायथनची ३.७ ही आवृत्ती 'सी' लोकेल समोर दिसला तर आपणहून यूटीएफ-८ धरून चालते. २०२२ मध्ये लिनक्सच्या मूळ सी ग्रंथालयातच, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम ज्याचा आधार घेतात त्या संचातच, यूटीएफ-८ जाणणारा 'सी' लोकेल समाविष्ट झाला. म्हणजे काहीच न सांगितलेल्या यंत्रावरही देवनागरी अक्षरे आता सहसा गळत नाहीत. ही मोठी गोष्ट आहे, तिचे मोल कमी लेखू नये. पण अक्षर टिकणे आणि भाषा कळणे यांत अंतर आहे. त्या लोकेलमध्ये यादी लावली तर ती युनिकोडच्या क्रमांकांनुसार लागते, आणि तिथे 'ळ' हा 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी येतो. आपण वर्णमाला म्हणताना 'ह'नंतर 'ळ' म्हणतो. हा क्रम हवा असेल तर अजूनही कोणीतरी 'मराठी' असे नाव घेऊन सांगावे लागते.

आणि मराठीला निदान घ्यायला नाव आहे. माडियाचे काय? जगातील भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या प्रमाणात माडियाला संकेत आहे. मराठीत लिहायचा तर 'एम-आर-आर'. पण त्या संकेताचा लोकेल मी हाताळलेल्या कोणत्याही यंत्रावर मला सापडलेला नाही. गोंडी लिहिण्यासाठीच्या मसराम आणि गुंजाला या लिपींना अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे अक्षरांची सोय होत आहे. परंतु भामरागड तालुक्यातल्या घराघरांत जी भाषा बोलली जाते तिच्या नावाची ओळ कोणी कोणाच्या शिदोरीत बांधायची म्हटले, तर बांधायला अजून काही तयार नाही. आमच्या चिठ्ठ्यांवरची गावांची नावेही मराठी कानांनी ऐकून देवनागरीत उतरवलेली होती. काही नावे ताई वेगळी उच्चारत. मी लिहिलेले वाचून त्या क्षणभर थांबत, आणि मग आपला उच्चार सोडून माझा घेत. मी त्या वेळी शाईने लिहीत होतो, यंत्राचा काही संबंध नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर संस्थेने एक नियम केला. कोणतीही स्क्रिप्ट सर्व्हरवर जाण्यापूर्वी तिला काय काय लागते ते एका वेगळ्या फाईलमध्ये लिहायचे, प्रत्येक ओळीखाली मराठीत कारण द्यायचे, आणि पडताळणी टर्मिनलवर न करता सर्व्हरकडूनच करायची. पहिली फाईल सात ओळींची होती. कारणांसकट तिची एक प्रत छापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, म्हणजे पुण्याचा फोन लागला नाही तरी तिथल्या कोणालाही ती वाचता यावी. 'लँग'च्या ओळीखाली मित्राने कारण लिहिले होते: ही ओळ नसेल तर गावांची नावे जातात, आकडे राहतात. त्याखाली थोडी जागा मोकळी होती. काही दिवसांनी पाहिले तर ताईंनी तिथे पेनने दोन गावांची नावे लिहून ठेवली होती, त्या ज्या तऱ्हेने म्हणत त्या तऱ्हेने. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठ्यांवर ती तशीच छापली गेली.